हळदीचा डाग उन्हात जातो: एका मे महिन्याचं प्रकरण

२०२४च्या मे महिन्यात माझी बहीण तीन आठवडे माहेरी आली होती. त्या मुक्कामाचे तिच्या फोनात १,९०० फोटो आहेत. दिवसाला नव्वद. पुण्याला गेल्यावर त्यातला एकही कुणी उघडून पाहिला नाही. मी गोव्यात फोंड्याला लग्न-मुंजींचे फोटो काढते, तेव्हा निवडून एक अल्बम करून दे म्हणून तो ढीग माझ्याकडे आला. एका रात्री बसून सगळा चाळला. धबधब्यापुढे उभी केलेली दोन पोरं. देवळाच्या दीपस्तंभापुढे उभी केलेली तीच दोन पोरं. समुद्रापुढे, तीच. प्रत्येकात ते हसू, जे 'हस रे' म्हटल्यावर येतं आणि बटण दाबायच्या आत जातं. खळ्यात वाळणारी सोलां, म्हणजे आमसुलं, नाहीत, दोरीने खाली येणारा फणस नाही, न्हाणीतला धूर नाही. आणि माझी आई, म्हणजे पोरांची आजी, एकाही फोटोत नाही.

अल्बम झाला नाही. पण २०२५च्या मेमध्ये तीच पोरं पुन्हा येणार म्हटल्यावर मी बहिणीला सांगितलं, या खेपेला फोटो तू काढायचे नाहीस, मीही काढणार नाही, पोरं काढतील. त्या एकोणीस दिवसांत काय जमलं आणि काय फसलं ते इथे मांडते आहे. दर एप्रिलला लग्नाच्या मांडवात कुणी ना कुणी विचारतंच, सुट्टीत पोरांना गुंतवायचं कशात. त्यांना द्यायला माझ्याकडे हे एवढंच आहे, तेही अर्धंमुर्धं.

घर आणि माणसं

घर सावई-वेऱ्याच्या बाजूला, कुळागरात. पोफळी, माड, पोफळींवर चढलेली मिरवेल, खाली केळी आणि अननस, मधून पाटाचं पाणी. मातीच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे शेणाने सारवलेलं खळं. बोलणं कोंकणीत आणि वर्तमानपत्र, पोथी, पत्रं मराठीत, हे आमच्याकडे पहिल्यापासून असंच. घरात आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. हिला थोरली म्हणू. बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. हे मधला आणि धाकटी. थोरलीची मी आत्या, या दोघांची मावशी.

थोरलीची सुट्टी मुळातच आखूड झाली होती. गोव्यात त्या वर्षीपासून सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचं नवं वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं. परीक्षेचा शीण उतरतो न उतरतो तोवर तिच्या पाठीवर सातवीचं दप्तर आलं होतं. मेमधली सुट्टी आपली आहे, ती आपल्याला विचारल्याशिवाय कुणी वापरू नये, असं तिचं ठाम मत. हे पुढे नडलं.

बहिणीची अट एकच: पोरांच्या हातात नेट असलेला फोन नको. अट रास्त होती. घरातले तीन जुने फोन शोधून काढले, सिम काढली, खेळ पुसून टाकले. संध्याकाळी तिन्ही फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी.

आईचं प्रकरण वेगळं. वडील गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती कॅमेऱ्यापुढे उभी राहत नाही. 'म्हजो फोटो काडूं नाका' म्हणते आणि आत जाते. मी पोटापाण्यासाठी लोकांचे चेहरे टिपणारी, तेव्हा तिचे चोरून काढलेले फोटो माझ्याकडे आहेत: दाराआडून, पाठमोरी, एकदा तर झोपेत. ते मी कुणाला दाखवत नाही. पण प्रकरण मांडायचं तर हेही त्यात आलं पाहिजे.

दिवसाला बारा

नियम असा: दिवसाला बारा फोटो, आणि काढलेला पुसायचा नाही. बारा हा आकडा मी ज्या स्टुडिओत शिकले तिथला. तिथे दोन भिंगांचा जुना कॅमेरा होता; त्याच्या १२० नंबरच्या रोलमध्ये चौकोनी फोटो बाराच बसत. तेरावा नाही म्हणजे नाही. रोल महाग, म्हणून आमचे मालक उगाच बटणाकडे गेलेल्या बोटावर टपली मारायचे.

पहिल्या दिवशी, २ मेला, मधल्याने सकाळी साडेआठलाच बाराच्या बारा संपवले. सगळे मांजराचे. अकराच्या सुमाराला भाऊ फणसावर चढला. कमरेला कोयता, खांद्यावर दोर. पिकत आलेला फणस दोराला बांधून सोडावा लागतो, नाहीतर खाली आपटून फुटतो. तो धूड कापा फणस गिरक्या घेत पानांतून खाली यायला लागला आणि मधला फोन हातात धरून नुसता उभा. फोन चालू, जागा शिल्लक, पण फोटो संपलेले. तो रडला. पुण्याहून बहिणीचा फोन, "एक काढू दे ना गं त्याला." मी नाही म्हटलं. वाईट वाटलं, तरी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्याकडे नऊ शिल्लक होते आणि तो दर अर्ध्या तासाने मामाला विचारत होता, "आज काय उतरवणार?"

धाकटीचे फोटो पाहून मात्र मी गप्पच झाले. तिचा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर. तिच्या फोटोंत चेहरे जवळजवळ नाहीतच. गुडघे आहेत, बादल्यांचे बूड आहेत, विळीची पात, मेजाखालचा अंधार, मामाच्या पोटरीला चिकटलेला फणसाचा चीक. पोरांचे फोटो काढायचे तर खाली बसा, असं आम्ही शिकाऊ मुलांना घोकवतो. ती तिथेच राहते. आणि त्या फोटोंत आई होती! चेहरा नाही, पण खोबरं खवणारे हात, मिठाने पांढरी झालेली बोटं, पदराच्या गाठीत अडकवलेली कपाटाची किल्ली. मी विचारलं, आजी रागावली नाही? धाकटी म्हणाली, "मी विचारलं ना तिला, हातांचा चालेल का. ती म्हणाली, 'हातांक कितें जालां? काड.'"

अकरा वर्षांत मला हा प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं.

उजेडाबद्दल मी फारसं शिकवलं नाही. मेच्या पहिल्या दिवसांत गोव्यात सूर्य बरोबर डोक्यावरून जातो; साडेबाराच्या सुमाराला खळ्यात उभी केलेली काठी सावलीच टाकत नाही. ३ मेला पोरांनी आधी काठी, मग तांब्या, मग आपापले पाय मांडून हे तपासलं. त्या दिवशीचे निम्मे फोटो नसलेल्या सावलीचे आहेत. अशा उन्हात माणसाचे डोळे खोबणीत काळे पडतात, तेव्हा माणसांचे फोटो नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, इतकं सांगितलं. मधलं ऊन राहिलं. ते छपाईला घेतलं.

साबण लावू नको

कपड्यावर हळदीचा डाग पडला की आमच्याकडे आई ओरडते, "साबण लावू नको, आधी उन्हात टाक!" साबण लागला की डाग लाल होतो. उन्हात टाकला की संध्याकाळपर्यंत जातो. मराठी घरातल्या कुठल्याही बाईला ही दोन्ही वाक्यं पाठ असतात, आणि त्या दोन वाक्यांत फोटो छापायची अख्खी रीत आहे. उजेड रंग खातो. उरलेला रंग साबणासारख्या कशाने तरी उठून दिसतो. जॉन हर्शल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८४२ साली फुलापानांचे रस कागदाला लावून उन्हात चित्रं उमटवण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निळ्या छपाईची, सायनोटाइपची, रीतही त्याचीच आणि त्याच वर्षाची. पण तिला लोहाचे क्षार लागतात. हळद डब्यात होती.

हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, दारूत उतरतो. घरात काजूची फेणी होती, सर्दीपडशासाठी म्हणून ठेवलेली. भाऊ कुरकुरला, पण अर्धी वाटी दिली. त्यात हळद कालवून कागदाला लावली तर रंग आला तो कावीळ झाल्यासारखा फिकट, कारण फेणीतसुद्धा निम्म्याहून जास्त पाणीच असतं. वर अख्ख्या ओसरीला वास. शेजारचे काका सहज डोकावून, "काय आज सकाळीच?" विचारून गेले. मग औषधांच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणलं. १०० मिलिलिटरला दोन चमचे हळद, झाकणाच्या बाटलीत अर्धा तास, मग जुन्या मलमलीतून गाळून. हा रंग गडद चढला. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम चुलीपासून लांब, ओसरीवर, आणि माझ्या हातून. पोरांकडे ब्रश दिला तो गाळून झाल्यावर.

जाड ड्रॉइंग पेपर, त्यावर दोन हात, आणि कागद वाळवायचा तो अंधारात. जुन्या फ्रेमांच्या काचा काढल्या. खाली पाट, त्यावर कागद, कागदावर पान, वर काच, चार चिमटे. पान चपटं हवं. शेवग्याचा पाला, नेचा, कढीपत्ता उत्तम येतो. मधल्याने हट्टाने जास्वंदीचं फूल ठेवलं; जाड वस्तूची सावली सूर्याबरोबर सरकते, त्यामुळे त्याच्या फुलाचा झाला एक ढग. त्याला तो ढगच आवडला, ते सोडा.

अकरा ते दोन ऊन दिलं. काच उचलली आणि पोरं हिरमुसली. पिवळ्यावर जरा कमी पिवळं. डोळे बारीक केले तर पान असल्याचा भास. आता साबणाची पाळी. आईच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून, निवळी घेऊन मी ब्रश फिरवला. शेवग्याची डहाळी विटकरी रंगात एकदम वर आली, एकेक पान सुटं. धाकटी किंचाळली. कुळागरात पाणी सोडणारा भाऊ काही चावलं की काय म्हणून धावत आला.

रात्रीची जेवणं होईतो तो लाल पुन्हा पिवळट व्हायला लागला. चुन्याचा हवेशी संबंध आला की त्याचा खडू होतो, क्षार जातो, आणि हळद आपल्या मूळ रंगावर येते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. चार दिवस ती लांबूनच बघत होती. सकाळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, चुन्याने नाही राहायचा, टाकणखार (बोरॅक्स) पाहिजे. तिच्या माहेरी कुंकू घरी करत: हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार, मग वाळवण, मग कुटणं. आम्ही तिची पोटची पोरं, आम्ही हे कधी ऐकलं नव्हतं. धाकटीने सरळ विचारलं, "मग तू का नाही लावत कुंकू?" वहिनी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. आई म्हणाली, "टाकणखार फोंड्याला मिळतो काय बघ," आणि माझ्या हातात पिशवी दिली.

काष्ठौषधींच्या दुकानात मिळाला. पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा. पोटात गेला तर वाईट, म्हणून त्याची वाटी वेगळी, ब्रश वेगळा, नंतर सगळ्यांनी हात धुवायचे. त्याने आलेला तपकिरी-लाल रंग दुसऱ्या दिवशीही होता, आठवड्यानेही होता. टाकणखारातलं बोरॉन हळदीच्या रंगाला धरून ठेवतं. मात्र हे चित्र पुढे उजेडात ठेवलं तर हळूहळू जातंच. रसाची चित्रं कायमची पक्की करणं हर्शललाही साधलं नव्हतं. पोरांना मी हे सांगितलं. मधला म्हणाला, "म्हणजे बघितलं की संपतं?" साधारण तसंच, म्हटलं.

माझ्या मते प्रकरणाचा कणा इथे आहे. फोनातला फोटो पोरांना दाबल्याबरोबर दिसतो, म्हणून त्याच्याकडे बघायचं कारण उरत नाही. हळदीच्या कागदाशेजारी ती तीन तास घुटमळली. ढग आला की चरफडली, काचेवर कावळा बसला की धावली. त्यानंतरचे फोनचे फोटो शेजारी ठेवून पाहिले तर फरक ढळढळीत आहे. आधी सगळं चौकटीच्या मधोमध: मांजर, मामा, मांजर. नंतर न्हाणीच्या धुरात शिरलेली तिरीप, ओल्या केळीच्या पानामागून आलेला उजेड, मच्छरदाणीतून दिसणारी वहिनी. हे मी शिकवलेलं नाही.

उलटा मामा

आमच्या माजघरात दुपारी कौलांच्या फटींतून कवडसे पडतात. थोरलीनेच विचारलं की फटी वेड्यावाकड्या, मग कवडसे गोल कसे? कारण तो गोल फटीचा नसतो, सूर्याचा असतो. प्रत्येक कवडसा हा सूर्याचा छोटा फोटो. ग्रहणात ते सगळे कोरीच्या आकाराचे होतात. आईने ते पाहिलेले आहेत.

मग सूर्याचा येतो तर खळ्याचा का नाही? माजघराची खिडकी पुठ्ठ्याने बंद केली, दाराच्या फटीत गोधड्या कोंबल्या, पुठ्ठ्याला बोटभर भोक पाडलं, समोर पांढरी चादर. आत गेल्यावर काहीही दिसत नाही, हे आधी सांगायला हवं होतं. डोळे सरावायला पाच-सात मिनिटं लागतात आणि तेवढ्या काळोखात नऊ वर्षांचा मुलगा काय काय करू शकतो ते सांगत नाही. मग थोरली म्हणाली, "गप रे. दिसतंय." चादरीवर माड होता, डोकं खाली. खळं वर, आकाश तळाला. आणि वरून, छताला चिकटल्यासारखा, एक माणूस डोक्यावर केळीचा घड घेऊन चालत गेला. मामा! रंगासकट, हलता, मुंगीएवढा नव्हे, चांगला टीचभर. धाकटीने चादरीला हात लावला तर मामा तिच्या हातावरून चालला.

त्याचा फोटो काढणं अवघड होतं. फोन मुड्ड्यावर टेकवून, प्रो मोडमध्ये झडप काही सेकंद उघडी ठेवून थोरलीने काढला. मामाला बाहेर स्थिर उभं राहायला ओरडून सांगितलं; तो उभा राहिला, फक्त घड हलला. सगळ्या सुट्टीतला माझा आवडता फोटो तो आहे, उलट्या मामाचा आणि पुसट घडाचा. (आंब्याच्या कोयी वाळवून, त्यांच्या केसाळ अंगावर डोळे काढून म्हाताऱ्याही केल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण पोरांना सर्वांत जास्त मजा त्यात आली असेल.)

खळं कुणाचं

एक मोठी चूक माझी. मेमधलं ऊन हे रिकामं पडलेलं असतं, असं मी धरून चालले होते. पुरुमेंताचे दिवस ते. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगिजांकडून आलेला, काम त्याच्याही आधीपासूनचं. खळ्यातली उन्हाची प्रत्येक वीत आईने आधीच वाटून टाकलेली. पूर्वेला मिरच्या, मधोमध सोलां, कडेला फणसाची साटां, म्हणजे फणसपोळ्या. आमच्या काचांना जागा मिळाली ती माडाशेजारी, आणि एक वाजता माडाची सावली बरोबर काचांवर. सहा कागद अर्धेच छापून आले. मी जरा तणतणले. आई म्हणाली, तुमचं पान एक दिवस नाही आलं तर उद्या येईल, सोलां कुजली तर वर्षभर काय खाणार?

सोलां अशी होतात: भिरंडाची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल काढायची, मीठ लावायचं, तिच्याच रसात बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा रसात. असं कित्येक दिवस. थोरली तोवर या सगळ्यातून अंग काढून बसली होती. पानं छापणं हे पोरखेळ, तिला रील करायची होती, आणि तिची सुट्टी तिची होती. मी चार दिवस तिच्या मागे लागले, ती चूक दुसरी. पाचव्या दिवशी सोडून दिलं. मग तिनेच शोधून काढलं की ओसरीच्या तिसऱ्या पायरीवरून, रोज सकाळी आठला, एकाच सुपाचा एकच फोटो काढायचा. बाकीचे अकरा तिने बहुतेक दिवस वापरलेच नाहीत. नऊ फोटो आहेत ते. पहिल्यात साल लालभडक, पाणीदार. पाचव्यात किरमिजी, कडा मुडपलेल्या. नवव्यात काळी, सुरकुतलेली, मिठाची चकाकी असलेली. एका ओळीत लावले की तोंडाला पाणी सुटतं. मला लग्नाच्या तीन हजार फोटोंत जे सांगता येत नाही ते तिने नऊत सांगितलं. वहीत उन्हाच्या वेळांची नोंदही तीच ठेवायला लागली: कुठलं पान, किती वाजता, ढग किती.

आईने एक दिवस स्वतःहून कागद मागितला. आम्हाला वाटलं तुळस ठेवेल. तिने सोऱ्या उघडला आणि त्याच्या पितळी चकत्या मांडल्या: चकलीची, जाड शेवेची, बारीक शेवेची, पट्टीची, आणि एक कशाची ते तिलाही आठवेना. चकत्या चपट्या, त्यामुळे धारदार आल्या. पिवळ्या कागदावर पाच लाल चंद्र, एकाच्या पोटात चांदणी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने टाकणखार कमी पडला म्हणून मला बोल लावले आणि कागद आत घेऊन गेली.

पावस आयलो

त्या वर्षी पावसाने घाई केली. केरळात मॉन्सून २४ मेलाच पोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि आमच्याकडे त्याच्याही आधीपासून वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. २० मेला दुपारी खळ्यात पाच काचा मांडलेल्या होत्या. वारं सुटलं, आई ओरडली, "पावस आयलो!" मी काचांकडे धावले. पोरं धावली ती सुपांकडे. मिरच्या, सोलां, साटां, सगळं तिघांनी ओसरीवर आणून टाकलं. काचांखालची हळद ओघळून पाटांवर उतरली. एकही छापा हाती लागला नाही.

आणि त्या धांदलीत मधल्याने त्या दिवसाचा शेवटचा, बारावा फोटो काढला. ओसरीवरून. तिरपा आलेला पाऊस, सूप डोक्यावर धरून पळणारी धाकटी, आणि तिच्या मागे आई, पदर उडालेला, तोंड उघडं, हसते आहे. अकरा वर्षांनी चेहरा. थोडा हललेला, पण तीच.

नियम होता, पुसायचा नाही. तिचाही नियम होता. मधला माझ्याकडे आला, मग मला न विचारताच तिच्याकडे गेला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला. "बरो आयला," म्हणाली. मग म्हणाली, "पूस." त्याने पुसला. मी तो आधी माझ्या फोनात घेऊ शकले असते. हात तिथवर गेलाही होता.

चिंचोके

शेवटचे दोन दिवस पावसाने घरातच कोंडले, ते बरं झालं. पोरांचे एकूण फोटो ५७३ भरले. रोज रात्री थोडे चाळत आलो होतोच. आता प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले आणि फोटोच्या नंबरांपुढे मतं टाकायला लावली. आईनेही टाकली, बहुतेक सगळी थोरलीच्या सोलांना. चाळीस निवडले, फोंड्याच्या स्टुडिओत चार बाय सहाचे छापून आणले. सगळा खर्च, कागद आणि स्पिरिट धरून, दोन हजारांच्या आत.

पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात 'गोवा फामिलिया' नावाने गोव्यातल्या घरांमधले जुने फोटो आणि त्यांच्या आठवणी मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. २०१९ला सुरू झालेला उपक्रम तो. तिथे लक्षात आलं की मी फोटोपेक्षा त्याच्यासोबतच्या चार ओळींपुढे जास्त थांबते. म्हणून प्रत्येक फोटोखाली पोरांनीच ओळ लिहायची, आणि शुद्धलेखन तपासायचं नाही. 'मामाच्या पायाला चिक, तेल लाऊन पण जात नाही.' 'हे मांजर नसून आंधार आहे.' कागद पंख्यासारखा दुमडून वही केली. चिकटवायला मैद्याची खळ. पूर्वी बाइंडर तिच्यात मोरचूद घालत, किड्यांसाठी. ते विष, पोरांच्या कामात नको, म्हणून नुसतीच. वेष्टनाला पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, रात्रभर भिजवून, पाट्याखाली दाबून घेतली. देखणी झाली. जुलैत तिच्यावर हिरवी बुरशी आली आणि खळीला झुरळं लागली. फोटो वाचले, वेष्टन फेकलं. आता ते स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आहेत. पुन्हा कधी केलं तर नुसता जाड पुठ्ठा आणि बाजारचा डिंक.

२७ ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. पुण्याची मंडळी दोन दिवसांसाठी आली. माटोळी, गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधून झाली, आणि पोरांनी ओसरीच्या भिंतीवर मेमध्ये लावलेले हळदीचे कागद उतरवले. शेवगा, नेचा, मधल्याचा ढग, सगळं मळकट पिवळं. नेच्याची नुसती एक शीर राहिली होती. मधला काही बोलला नाही.

आई आत गेली आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन. पाच लाल चंद्र, एकात चांदणी, काल छापल्यासारखे.

"तुझा कसा नाही गेला?" धाकटी म्हणाली.

"हांवें ताका उजवाड दाखयलो ना."

कागद ओसरीवर हातोहात फिरला. धाकटीने चांदणीवर बोट ठेवून पाहिलं. मग आईने तो तिच्या हातातून घेतला, साडीच्या घडीत ठेवला आणि नैवेद्याची पानं घ्यायला सांगितली.